विद्यार्थी लघुपटातील संकलन आणि संगीताची निवड : एक विवेचन

सारांश

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या लघुपट प्रकल्पांत संगीताची निवड बहुधा अखेरच्या टप्प्यावर, घाईने आणि परिचित गाण्यांच्या साठ्यातून केली जाते. त्यामुळे दोन प्रकारची हानी होते. संकलनातील उणिवा संगीताखाली झाकल्या जातात आणि परक्याच्या हक्काचे संगीत वापरल्यामुळे तयार झालेला लघुपट महाविद्यालयाच्या आवाराबाहेर जाऊ शकत नाही. संगीताची निवड हा संकलनाचाच एक निर्णय आहे, ही भूमिका घेऊन प्रस्तुत लेखात निवडीचे निकष, लय व चौकटींचा हिशेब, हक्कांचा प्रश्न आणि मूल्यमापनाची पद्धती यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : लघुपट, संकलन, पार्श्वसंगीत, ध्वनिपट, स्वामित्वहक्क, मूल्यमापन

१. प्रस्तावना

गेल्या दोन दशकांत लघुपटनिर्मिती हा केवळ चित्रपट प्रशिक्षण संस्थांचा विषय राहिलेला नाही. जनसंवाद, भाषा, नाट्यशास्त्र, समाजकार्य, इतकेच नव्हे तर भूगोल आणि पर्यावरणशास्त्र या विषयांचे विद्यार्थीही प्रकल्प म्हणून लघुपट सादर करतात. चित्रीकरणासाठी भ्रमणध्वनी आणि संकलनासाठी साधा संगणक पुरेसा ठरू लागल्यामुळे साधनांची अडचण बरीच दूर झाली आहे. मार्गदर्शक प्राध्यापकांसमोर आता वेगळा प्रश्न उभा आहे. पटकथेची चर्चा होते, चित्रीकरणाचे नियोजन होते. संगीताबाबत मात्र ‘शेवटी काहीतरी लावू’ असे म्हटले जाते. हे ‘काहीतरी’ म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या गाजलेल्या चित्रपटातील गीत, किंवा महाजालावर सहज सापडलेली पियानोची करुण सुरावट असते.

विद्यार्थ्यांचा प्रकल्प हा किरकोळ उपक्रम आहे, असे समजून या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे योग्य ठरणार नाही. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ हा लघुपट अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील त्यांच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या काळातील प्रकल्प होय. २०१० या वर्षासाठीच्या ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कथाबाह्य विभागातील पदार्पणाचा पुरस्कार त्यास मिळाला. पुणे येथील भारतीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेत शिकणाऱ्या चिदानंद नाईक यांच्या लघुपटास २०२४ साली कान महोत्सवातील विद्यार्थी चित्रपटांच्या विभागात प्रथम पारितोषिक प्राप्त झाले. विद्यार्थ्याची कृती कोठवर जाऊ शकते, याची ही उदाहरणे आहेत. ज्या लघुपटातील संगीत दुसऱ्याच्या मालकीचे आहे, त्याच्यासमोर मात्र ही वाट आरंभीच बंद होते.

२. संकलन आणि संगीत यांचे नाते

संकलन म्हणजे नको असलेले भाग कापून टाकणे, हा समज अपुरा आहे. कोणते दृश्य किती काळ पडद्यावर राहावे, त्यानंतर कोणते यावे आणि या दोहोंच्या संयोगातून कोणता अर्थ निर्माण व्हावा, हे ठरविणे म्हणजे संकलन. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशॉव्ह यांच्या प्रयोगाने हे तत्त्व प्रसिद्धीस आणले. नटाचा तोच निर्विकार चेहरा निरनिराळ्या चित्रांशेजारी ठेवला असता प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर निरनिराळ्या भावना दिसतात. संगीत नेमके हेच कार्य करते. एकाच दृश्यावर सनई वाजविली तर ते मंगल वाटते आणि सारंगी वाजविली तर तेच शोकपूर्ण भासते. ध्वनी दृश्याच्या अर्थात जी भर घालतो, तिला फ्रेंच अभ्यासक मिशेल शियाँ यांनी ‘अधिमूल्य’ अशा आशयाची संज्ञा वापरली आहे. ही भर दृश्यातूनच आली, असे प्रेक्षकाला वाटते. हेच तिचे सामर्थ्य आणि हाच तिचा धोका होय.

ज्येष्ठ संकलक वॉल्टर मर्च यांनी दृश्य कोठे तोडावे याचे सहा निकष सांगितले असून त्यांना भारांक दिले आहेत : भावना ५१, कथा २३, लय १०, प्रेक्षकाच्या नजरेचा माग ७, पडद्याची द्विमितीय मांडणी ५ आणि त्रिमितीय अवकाशाचे सातत्य ४. हे आकडे काटेकोर मापनाचे नाहीत. ते अग्रक्रम दर्शवितात. भावनेला निम्म्याहून अधिक भार दिलेला असताना ती भावना जर उसन्या गीतातून आयती मिळाली, तर संकलनाने करावयाचे सर्वांत मोठे काम शिल्लकच राहत नाही. विद्यार्थी ते काम शिकत नाही आणि ते आपण शिकलो नाही हे त्याच्या लक्षातही येत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. वडील मुलीला शहरातील महाविद्यालयात पाठविण्यासाठी एस.टी. स्थानकावर आले आहेत. ते गाडीत चढून खिडकीजवळची जागा उपरण्याने पुसतात, पिशवी वर ठेवतात, खाली उतरतात. गाडी निघून जाते. सुमारे ८० सेकंदांचा हा प्रसंग आहे. विद्यार्थ्यांनी त्यावर मुलीच्या पाठवणीचे एक लोकप्रिय गीत लावले. वर्गात प्रसंग पाहताना अनेकांचे डोळे पाणावले. नंतर मार्गदर्शकांनी गीत काढून तोच प्रसंग दाखविला. तेव्हा असे दिसले की, वडिलांचा खाली उतरल्यानंतरचा चेहरा जेमतेम एक सेकंद पडद्यावर आहे; मुलगी ज्या क्षणी बाहेर पाहते त्या क्षणी वडील अद्याप वळलेलेच नाहीत; आणि गाडी सुटल्याची खूण ध्वनिपटावर कोठेच नाही. डोळ्यांत पाणी आणले होते ते त्या गीताने, आणि त्या गीताशी निगडित असलेल्या दुसऱ्याच चित्रपटाच्या स्मृतीने.

३. तात्पुरत्या संगीताचा मोह

संकलन करताना लय सापडावी म्हणून एखादी उपलब्ध ध्वनिमुद्रिका तात्पुरती लावण्याची प्रथा व्यावसायिक चित्रपटसृष्टीतही आहे. या प्रथेचा एक परिणाम सर्वश्रुत आहे. स्टॅन्ली कुब्रिक यांनी ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ (१९६८) या चित्रपटासाठी संगीतकार अॅलेक्स नॉर्थ यांच्याकडून संगीत लिहून घेतले होते; परंतु संकलनाच्या काळात लावलेल्या योहान स्ट्राउस, रिशार्ड स्ट्राउस, लिगेटी आदींच्या ध्वनिमुद्रिकाच अखेरीस कायम झाल्या आणि नॉर्थ यांचे संगीत बाजूला पडले. तेथे या निर्णयातून एक अभिजात कृती निर्माण झाली, हे खरे. तथापि तात्पुरते म्हणून लावलेले संगीत संकलकाच्या कानाला किती घट्ट चिकटते, याचाही तो पुरावा आहे.

विद्यार्थ्याच्या बाबतीत हा चिकटपणा अधिक असतो. तो एकाच गीतासह आपला प्रसंग पन्नास वेळा पाहतो. एकावन्नाव्या वेळी ते गीत काढले की प्रसंग रिकामा वाटू लागतो. यावर उपाय क्रमाचा आहे. प्रथम संपूर्ण लघुपटाचे संकलन संगीताविना पूर्ण करावे. संवाद, पावले, दाराची कडी, रस्त्यावरची वर्दळ एवढ्याच आधारावर प्रसंग उभा राहतो की नाही, ते पाहावे. त्यानंतरच कोठे आणि का संगीत हवे, हे ठरवावे. ज्या प्रसंगाची रचनाच एखाद्या गीतावर किंवा नृत्यावर आधारलेली आहे, तेथे अर्थातच संगीत आधी निश्चित करून त्यानुसार चित्रीकरण व संकलन करावे लागते. अशा वेळी ते संगीत पहिल्या दिवसापासूनच हक्काचे असले पाहिजे.

४. संगीताचा अभाव : एक जाणीवपूर्वक निर्णय

‘संगीत नको’ हे उत्तर विद्यार्थ्यांना सहसा सुचत नाही. मराठी चित्रपटाच्या परंपरेत मात्र ते फार लवकर सुचलेले आहे. बोलपटाचे युग सुरू होऊन जेमतेम सहा वर्षे झाली असताना, १९३७ साली, व्ही. शांताराम यांनी ‘प्रभात’साठी ‘कुंकू’ हा चित्रपट केला. त्यात गीते आहेत. केशवराव भोळे यांचे संगीत आहे. परंतु प्रसंगांना भावनेचा टेकू देणारे पार्श्वसंगीत नाही. प्रसंगात प्रत्यक्ष घडणारे ध्वनी हेच त्याच्या ध्वनिपटाचे मुख्य द्रव्य आहे. जरठ-कुमारी विवाहाच्या त्या कथेत भिंतीवरचे घड्याळ जे सांगते, ते व्हायोलिनच्या ताफ्याने सांगितले असते तर इतके बोचले नसते.

अलीकडच्या काळात चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटातही पार्श्वसंगीताचा आधार घेतलेला नाही. संभाजी भगत यांची गीते लोकशाहिराच्या सादरीकरणातून, म्हणजे प्रसंगाच्या आतूनच येतात. ‘सैराट’चे (२०१६) उदाहरण याहून बोलके आहे. अजय-अतुल यांनी या चित्रपटाचे संगीत लॉस एंजेलिस येथे मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केले. एवढे वैभव हाताशी असूनही अखेरच्या प्रसंगात ध्वनिपट नि:शब्द होतो. आधीच्या संगीताची समृद्धी जितकी अधिक, तितकी ती शांतता अधिक असह्य होते. संगीत कोठे थांबवावे हा निर्णय ते कोठे सुरू करावे या निर्णयाइतकाच महत्त्वाचा असतो, हे विद्यार्थ्यांना या एका उदाहरणावरून पटवून देता येते.

शांतता म्हणजे ध्वनिपट कोरा ठेवणे नव्हे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. प्रत्येक जागेला स्वतःचा आवाज असतो. वर्गातील पंख्याची घरघर, अंगणातील दुपार, रात्रीच्या स्वयंपाकघराची स्तब्धता यांचे ध्वनी भिन्न असतात. म्हणून प्रत्येक चित्रीकरणस्थळी सर्वांना स्तब्ध उभे करून किमान ३० ते ६० सेकंद केवळ त्या जागेचा ध्वनी मुद्रित करून घ्यावा. संकलनात संवादांमधील पोकळ्या भरण्यासाठी त्याचा उपयोग होतो. तो नसल्यामुळे पडलेल्या पोकळ्या झाकण्यासाठीच अनेक विद्यार्थी अखंड संगीत लावून ठेवतात.

५. निवडीचे निकष

संगीत हवे असे ठरल्यानंतर निवडीचा प्रश्न येतो. त्यासाठी पुढील निकष विचारात घेता येतील.

पहिला निकष कार्याचा. प्रसंगात जे आधीच दिसत आहे तेच संगीत सांगणार असेल, तर ते अनावश्यक आहे. रडणाऱ्या पात्रावर करुण सुरावट ही द्विरुक्ती होय. आयझेनस्टाइन, पुदोव्हकिन आणि अलेक्सांद्रोव यांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनात ध्वनी दृश्याचा अनुवाद न होता त्याच्याशी प्रतिसंवाद साधणारा असावा, असा आग्रह धरला होता. ‘पथेर पांचाली’त (१९५५) परगावाहून परतलेल्या हरिहरला मुलीच्या मृत्यूची वार्ता कळते, तेव्हा सर्वजयेचा टाहो ऐकू येत नाही, त्याच्या जागी तारशहनाई वाजते. येथे वाद्याने रुदनाला साथ दिलेली नाही, त्याची जागा घेतली आहे. रविशंकर यांचे हे संगीत अत्यल्प वेळात ध्वनिमुद्रित झाले होते. साधनांची टंचाई आणि निर्णयाची अचूकता एकत्र नांदू शकतात, हे यातून दिसते.

दुसरा निकष स्थानाचा. संगीत प्रसंगाच्या आतले आहे की बाहेरचे? टपरीवरच्या रेडिओतून येणारे गीत, शेजारच्या मंडपातील बँड, शाळेतील प्रार्थना हे आतले संगीत होय. ‘फँड्री’त (२०१३) डुक्कर पकडण्यासाठी धावणारे कुटुंब शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येताच जागच्या जागी स्तब्ध उभे राहते आणि डुक्कर निसटून जाते. पार्श्वसंगीताचा कोणताही तुकडा जे करू शकला नसता, ते या आतल्या संगीताने केले. विद्यार्थ्यांनी बाहेरचे संगीत शोधण्यापूर्वी आपल्या प्रसंगाच्या परिसरात कोणते संगीत आधीच वाजत आहे, याचा शोध घ्यावा.

तिसरा निकष संकेतांचा. मराठी प्रेक्षकाच्या मनात काही वाद्यांशी ठरावीक संदर्भ जोडलेले आहेत : सनई-चौघड्याशी लग्न, ढोल-ताशाशी गणेशोत्सव, टाळ-मृदंगाशी वारी, ढोलकीशी तमाशा. हे संदर्भ उपयुक्त असले, तरी त्यांची सवय झाली की गाव दिसताच बासरी आणि पाऊस पडताच पियानो असा ठोकळेबाजपणा येतो. संकेत वापरावयाचा असेल तर तो मोडण्यासाठी किंवा वेगळ्या प्रकाशात दाखविण्यासाठी वापरता येतो का, हा प्रश्न विद्यार्थ्यास विचारला पाहिजे.

चौथा निकष शब्दांचा. गीतातील शब्द संवादांशी स्पर्धा करतात. कानाला एका वेळी दोन वाक्ये नीट ऐकता येत नाहीत. त्यातच गीत गाजलेले असेल तर ते मूळ चित्रपटातील नट, प्रसंग आणि काळ आपल्यासोबत घेऊन येते. नवख्या अभिनेत्याच्या चेहऱ्यावर प्रेक्षक मग दुसऱ्याचाच चेहरा पाहू लागतो.

या निकषांची परीक्षा घेण्यासाठी शियाँ यांनी सुचविलेले दोन सोपे प्रयोग वर्गात करता येतात. पहिल्यात प्रसंग आधी केवळ दृश्यासह, नंतर केवळ ध्वनीसह आणि मग दोहोंसह पाहावयाचा असतो. दुसऱ्यात एकाच प्रसंगावर परस्परांशी संबंध नसलेले संगीताचे अनेक तुकडे आळीपाळीने लावून पाहावयाचे असतात. तबल्याचा कायदा, संथ आलाप आणि एखादी पाश्चात्त्य वाद्यरचना असे तीन तुकडे लावले, तरी तोच प्रसंग तीन निराळ्या कथा सांगू लागतो. अर्ध्या तासाचा हा प्रयोग व्याख्यानाहून अधिक शिकवितो.

६. लय, मात्रा आणि चौकटी

दूरचित्रवाणीच्या भारतीय प्रमाणानुसार चलतचित्रात सेकंदाला २५ चौकटी असतात. त्यामुळे मिनिटाला १५०० चौकटी होतात. संगीताची गती मिनिटाला १०० मात्रा असेल तर एका मात्रेला १५ चौकटी मिळतात. ७५ मात्रा असतील तर २०, आणि १२५ असतील तर १२. तीनतालाचे १६ मात्रांचे आवर्तन मिनिटाला १२० मात्रा या गतीने ८ सेकंदांत, म्हणजे २०० चौकटींत पूर्ण होते. केरव्याचे ८ मात्रांचे आवर्तन १०० मात्रांच्या गतीने १२० चौकटी घेते. हा हिशेब एकदा समजला की सम कोठे येणार आणि दृश्य कोठे बदलणार, हे आधीच ठरविता येते.

तथापि प्रत्येक मात्रेवर दृश्य बदलणे ही नवशिक्याची खूण आहे. दोन-तीन वेळा असे झाले की प्रेक्षकाला पुढचा बदल आधीच कळतो आणि संकलन यांत्रिक होते. तबलावादक ज्याप्रमाणे तिहाईने अपेक्षा निर्माण करून समेवर ती पूर्ण करतो, त्याप्रमाणे बहुतेक दृश्ये मात्रेच्या अलीकडे-पलीकडे बदलून कथेतील निर्णायक क्षण तेवढा समेवर आणावा.

तीन मिनिटांचा संगीतखंड ७० सेकंदांचा करावयाचा असल्यास तो मध्येच हळू करून संपविणे हा सर्वांत दुबळा मार्ग होय. तालबद्ध रचनेत पूर्ण आवर्तने वगळून समेला सम जोडावी. आलापात मात्रा नसल्याने श्वासाच्या जागी किंवा षड्जावर परतताना जोड द्यावा. दोन भिन्न ध्वनिमुद्रणांचा जोड देताना दोन्हींचा षड्ज एकच आहे याची खात्री करावी. काळी दोनमधील तंबोरा पांढरी चारमधील गायनाखाली चालणार नाही. या बाबतीत महाविद्यालयातील संगीत विभागाच्या विद्यार्थ्याचा कान कोणत्याही संगणक प्रणालीपेक्षा अधिक उपयुक्त ठरतो.

ध्वनिमिश्रण करताना संवादांना अग्रक्रम द्यावा. हार्मोनियम, बासरी आणि व्हायोलिन यांच्या स्वरांची व्याप्ती मानवी आवाजाच्या व्याप्तीत मिसळते. म्हणून संवादाखाली ही वाद्ये विशेष काळजीपूर्वक उतरवावी लागतात. याउलट तंबोऱ्याचा खर्ज संवादाला कमी अडथळा करतो. चलतचित्रासाठी ध्वनीचे प्रमाण ४८ किलोहर्ट्झ असते. सीडीवरील संगीत ४४.१ किलोहर्ट्झचे असल्यास त्याचे रूपांतर आरंभीच करून घ्यावे. अखेरचे मिश्रण कर्णयंत्रावर, साध्या भ्रमणध्वनीवर आणि महाविद्यालयाच्या सभागृहात अशा तिन्ही ठिकाणी ऐकून पाहावे.

७. हक्कांचा प्रश्न

भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार एका गीतात अनेक हक्क सामावलेले असतात. शब्दांचा हक्क, चालीचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क हे वेगवेगळे असून ते वेगवेगळ्या व्यक्तींकडे वा संस्थांकडे असू शकतात. याखेरीज गायक-वादकांचा कलावंत म्हणून असलेला हक्क निराळा. शब्द आणि चाल यांचे संरक्षण रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, तर ध्वनिमुद्रणाचे त्याच्या प्रकाशनानंतर ६० वर्षे असते. ही मुदत पुढील कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून मोजली जाते.

याचा व्यावहारिक अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले आणि देवलांचे निधन १९१६ साली झाले. त्यांच्या पदांचे शब्द आज मुक्त आहेत. त्यातील एखाद्या पदाची ध्वनिमुद्रिका १९३५ साली प्रकाशित झाली असेल, तर तिचे संरक्षणही १९९५ अखेर संपले. मात्र आजच्या एखाद्या गायिकेने तेच पद गाऊन काढलेले ध्वनिमुद्रण मुक्त नाही. जात्यावरच्या पारंपरिक ओवीचे शब्द कोणा एकाचे नसतात; परंतु ती ओवी गाणाऱ्या बाईंची संमती घेणे आणि श्रेयनामावलीत त्यांचे नाव देणे हे कायदा आणि सभ्यता या दोन्ही दृष्टींनी आवश्यक आहे.

अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थांना काही सवलती आहेत. संस्थेच्या उपक्रमात कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्ती एवढ्याच मर्यादित प्रेक्षकांसमोर केलेले सादरीकरण त्यांत समाविष्ट होते. ही सवलत वर्गाच्या आणि संस्थेच्या चौकटीपुरती आहे. चित्रपट महोत्सव किंवा सार्वजनिक संकेतस्थळ तिच्या कक्षेत येत नाही. ‘३० सेकंदांपर्यंत वापरल्यास चालते’ ही विद्यार्थ्यांमध्ये रूढ असलेली समजूत निराधार असून असा कोणताही नियम अधिनियमात नाही. यूट्यूबने २००७ पासून ध्वनीची ओळख पटविणारी स्वयंचलित यंत्रणा सुरू केली आहे. त्यामुळे अशी वापरलेली गीते तेथे त्वरित उघडकीस येतात. मूळ निर्मात्याचे नाव श्रेयनामावलीत दिल्याने परवानगीची गरज संपते, हीदेखील दुसरी एक चुकीची समजूत होय.

क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांखालील संगीत हा एक चांगला पर्याय आहे; पण ते परवाने एकसारखे नाहीत. संगीत चलतचित्राशी कालबद्ध रीतीने जोडणे ही मूळ कृतीत रूपांतर करण्याची क्रिया मानली जाते. म्हणून ‘रूपांतरास मनाई’ असलेले संगीत लघुपटात वापरता येत नाही. ‘समान परवाना’ ही अट असल्यास संपूर्ण लघुपटच त्या परवान्याखाली प्रसिद्ध करावा लागतो, आणि ‘अव्यावसायिक’ ही अट असल्यास पुढे लघुपट विकता येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार होणाऱ्या संगीताच्या बाबतीतही त्या त्या सेवेच्या वापराच्या अटी वाचून जतन कराव्यात आणि त्या वापराचा श्रेयनामावलीत उल्लेख करावा.

सर्वांत उत्तम मार्ग महाविद्यालयाच्या आवारातच उपलब्ध असतो. जेथे संगीत विभाग आहे तेथे लघुपट करणारे आणि संगीत शिकणारे विद्यार्थी एकमेकांपासून दोन जिने दूर बसलेले असतात. वीस सेकंदांची बासरी किंवा नुसता तंबोरा नव्याने ध्वनिमुद्रित करून वादकाची लेखी परवानगी घेतली, तर हक्काचा प्रश्न मिटतो आणि वादक विद्यार्थ्यालाही दृश्यासाठी वाजविण्याचा अनुभव मिळतो.

८. मूल्यमापनाची दिशा

संगीताने भारावून दिलेले गुण हे विद्यार्थ्याच्या कामाला दिलेले गुण नसतात. म्हणून मूल्यमापन दोन टप्प्यांत करणे उचित ठरेल. पहिल्या टप्प्यात संगीताविना तयार झालेले संकलन पाहावे आणि त्यास स्वतंत्र गुण द्यावेत. दुसऱ्या टप्प्यात संगीतासह लघुपट पाहताना विद्यार्थ्याने एक नोंदतक्ता सादर करावा. प्रत्येक संगीतखंड कोठे सुरू होतो, कोठे संपतो, तो तेथे का आहे, त्याचा स्रोत कोणता आणि परवानगी कोणत्या स्वरूपाची आहे, अशा पाच बाबी त्यात असाव्यात. ‘का’ या रकान्यात ‘भावना वाढविण्यासाठी’ एवढेच लिहिलेले असेल, तर मौखिक परीक्षेत त्या खंडाविना प्रसंग पुन्हा दाखवून चर्चा करावी. न वापरलेल्या संगीताबद्दलही विद्यार्थ्याला बोलता आले पाहिजे.

९. समारोप

एस.टी. स्थानकावरील त्या प्रसंगाकडे पुन्हा वळू. गीत काढल्यावर विद्यार्थ्यांनी वडिलांच्या चेहऱ्याचे दृश्य दोन सेकंदांनी, म्हणजे ५० चौकटींनी वाढविले. मुलीचे बाहेर पाहणे त्यांच्या वळण्यानंतर आणले. कंडक्टरच्या घंटीचे दोन टोले स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित केले आणि ते मुलीच्या चेहऱ्यावर सुरू करून वडिलांच्या चेहऱ्यावर संपविले. गाडी गेल्यावर रिकाम्या फलाटाचा आवाज उरला. त्यावर तंबोऱ्याचा एक सूर ठेवावा की ठेवू नये, याबद्दल गटात मतभेद झाले, आणि तो वाद बराच वेळ चालला. हा वाद होणे हेच या संपूर्ण शिक्षणाचे साध्य आहे.

संगीत विकत घेता येते, मागून मिळते, उसने आणता येते. परंतु ते कोठे हवे आणि कोठे नको हे ठरविणारा कान प्रत्येकाला स्वतःच घडवावा लागतो. तो घडण्यासाठी आधी प्रसंग संगीताविना ऐकण्याची सवय लागली पाहिजे. ती सवय लावणे ही मार्गदर्शक प्राध्यापकांची जबाबदारी आहे. त्या दोन टोल्यांचा लघुपट संपूर्णपणे विद्यार्थ्यांच्या मालकीचा आहे आणि तो कोणत्याही पडद्यावर दाखविता येतो.